सुपली मोर का घेत नाही?

सुपलीने मोर पुन्हा खिडकीतून बाहेर सरकवला. अगदी हलक्या हातांनी, कुणाचं तान्हं मूल परत द्यावं तसा. कुमुद शेलारने तो घेतलाच नाही. मोर कट्ट्यावर कलंडला आणि त्याच्या पिसाऱ्यावरची चमकी तिच्या धुतलेल्या शर्टावर सांडली.

“नाकारला,” सुपली म्हणाली. तिचा आवाज कायम सारखाच असे, ना राग ना लोभ, आणि कुमुदचं डोकं फिरायला तेवढं पुरेसं होतं.

सुपली म्हणजे रत्नाई वसाहतीचं कचरा निवडणारं यंत्र. फाटकाशेजारच्या खोलीत ती राहायची. चार लांब हात, पुढ्यात सरकता पट्टा आणि डोळ्यांच्या जागी एक काळी काच. सुपात धान्य पाखडावं तसा ती कचरा पाखडते म्हणून कुणीतरी तिला सुपली म्हटलं आणि तेच नाव राहिलं. ती काय वाटेल ते घेई. फुटका कुकर घेई, फाटकी गादी घेई. बंद पडलेला फ्रिज तर तिने मटारची शेंग सोलावी तसा सोलला होता. पण मोर म्हटला की नाकारला.

खरं कोडं पुढेच होतं. कुमुदने घरून एक रिकामी बाटली आणली, सुपलीने घेतली. जुन्या वहीचे कागद आणले, घेतले. चिंधी आणली, तीही घेतली. मग मोर तरी कशाचा होता? बाटलीचं अंग, कागदाचा पिसारा, चिंधीचा तुरा. सुटं सुटं असताना जे चालतं, ते एकत्र आल्यावर का चालू नये? कुमुदने हे वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. सुपलीने दर वेळी एकच सांगितलं, की या वस्तूचं विलगीकरण (एकत्र झालेल्या गोष्टी पुन्हा वेगवेगळ्या करणं) परवडत नाही, आणि रांगेतल्या पुढच्या माणसाने यावं. रांगेत कुमुदशिवाय कुणी नव्हतंच.

कुमुदचं मोराशी काही वैर नव्हतं. तिला मैदान हवं होतं.

तिच्या जन्माच्या आधी कधीतरी गावाबाहेरचे कचऱ्याचे डोंगर कायद्याने बंद झाले होते. तेव्हापासून ज्या वसाहतीचा कचरा, त्या वसाहतीनेच तो निस्तरायचा. सुपलीने घेतलेला माल कारखान्यात जाई आणि त्याचं पुनर्चक्रण (वापरलेल्या वस्तूतला माल काढून त्याची पुन्हा नवी वस्तू करणं) होई. सुपलीने नाकारलेला माल मात्र जिथल्या तिथे राही. आणि रत्नाई वसाहतीत नाकारलेला माल राहत होता खो-खोच्या मैदानावर, निळ्या ताडपत्रीखाली.

ताडपत्रीखाली काय नव्हतं? मोर होते, हत्ती होते, झुंबरं होती, भिंतीवर टांगायच्या परड्या होत्या. पेन ठेवायचे डबे तर इतके होते, की साऱ्या तालुक्याला पुरले असते. आता वसाहतीत पेन कुणाकडे उरलं होतं? सगळे पाटीवर बोटाने लिहीत किंवा बोलून लिहीत. तरी मुलं दर वर्षी पेनचे डबे करत, कारण बोधनकर काकूंच्या लहानपणी ते करत असत.

बोधनकर काकू वसाहतीच्या सांस्कृतिक मंडळाच्या अध्यक्ष. दर एक मेला त्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ महोत्सव भरवायच्या. मुलांना पुनर्चक्रण कळावं, हा त्यांचा हेतू. मुलांनी घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी करून आणायचं, परीक्षकांनी माना डोलवायच्या, प्रत्येकाला एक बिल्ला मिळायचा. आणि मग त्या साऱ्या कलाकृती टाकायला काकूंचं मन धजायचं नाही. मुलांनी इतक्या प्रेमाने केलंय, असं म्हणून त्या ते सगळं ताडपत्रीखाली ठेवून द्यायच्या. ताडपत्री दर वर्षी मोठी घ्यावी लागे.

आता खो-खोचा दोन खांबांमधला पाटा पार झाकला गेला होता. एका टोकाचा खांब तर हत्तींच्या कळपात उभा असल्यासारखा दिसे. मेच्या मध्याला जिल्ह्याच्या प्रशिक्षक मैदान पाहायला येणार होत्या. मैदान मोकळं असेल तर उन्हाळी शिबिर रत्नाईत, नाहीतर कालव्यापलीकडच्या वसाहतीत, आणि शिबिरात जागा आधी यजमान वसाहतीच्या मुलांना. कुमुद संघाची कप्तान होती आणि पुढच्या वर्षी ती लहान गटात बसणार नव्हती. म्हणजे जे काय व्हायचं ते याच उन्हाळ्यात.

या महोत्सवातली सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट तिला रेहानच्या घरी कळली. रेहान मुजावर तिच्या संघातला सगळ्यात चपळ पळणारा. ती गेली तेव्हा तो, त्याचे अब्बा आणि धाकटी बहीण ओळीने बसून सरबत पीत होते आणि कुणाच्याच तोंडावर आनंद नव्हता.

“बाटल्या रिकाम्या करतोय,” रेहान ढेकर देत म्हणाला. “मला रॉकेट करायचंय. सहा लागतात.”

“म्हणजे तुम्ही बाटल्या विकत आणल्या?”

“मग? घरात टाकाऊ काहीच नव्हतं.”

त्याच्या अम्मीने सांगितलं, की यंदा तर सोयच झाली आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात ‘टाकाऊ साहित्य संच’ मिळतो. नवे कोरे कागदी पेले, आइस्क्रीमच्या कधीच न चोखलेल्या काड्या, चमकी आणि गरम डिंकाची बंदूक, सगळं एका चकचकीत प्लॅस्टिकच्या वेष्टनात. घरी जाताना कुमुदने रस्त्यातल्या एका खड्याला इतक्या जोरात लाथ मारली, की चपलेचा अंगठाच तुटला.

तशीच फरफटत ती काकूंकडे गेली. काकू पडद्यावर बिल्ल्यांची नक्षी काढत होत्या. कुमुदने सरळ सांगितलं, की महोत्सव बंद करा. काकूंनी तिला आधी लाडू दिला. मग म्हणाल्या, की तू पहिलीत असताना केलेला पेंग्विन अजून माझ्याकडे आहे, दाखवू का? कुमुदने दाखवू नका म्हटलं. मग त्यांनी तिला समजावलं, की मुलांच्या हातांना काम हवं, चार जण एकत्र यायला निमित्त हवं, आणि कचऱ्याकडे बघायची नजर बदलायला हवी. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून कुमुदला जास्तच राग आला.

“काकू, सुपली ते घेत नाही.”

“त्या सुपलीबाईला कलेतलं काय कळतं?” काकू म्हणाल्या. “तिला पटवून दे आणि घे तुझं मैदान. मी कुठे अडवलंय?”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कुमुद रेहानला घेऊन सुपलीच्या खिडकीशी ठाण मांडून बसली. आज रांगेत कुणी नाही, आम्हीही उठणार नाही, तेव्हा नीट समजावून सांग, असं तिने बजावलं. सुपलीने काळी काच त्यांच्याकडे वळवली आणि विचारलं, की रवा आणि साखर एकत्र करायला किती वेळ लागतो?

“चमचा फिरवण्याइतका,” रेहान म्हणाला.

मग आता ती वेगळी करून आणा, असं सुपली म्हणाली.

दोघांनी कुमुदच्या स्वयंपाकघरात एक वाटी रवा आणि एक वाटी साखर ताटात मिसळली. आईने काय चाललंय म्हणून विचारलं तेव्हा कुमुद म्हणाली, विज्ञान, आणि आईने कपाळाला हात लावला. पहिल्यांदा त्यांनी बोटांनी निवडून पाहिलं. रेहानच्या बहिणीला शाळेतून येऊन खेळून परत घरी जायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात त्यांनी जेमतेम चिमूटभर साखर वेगळी केली. मग चाळणी आणली. कण साधारण सारखेच, म्हणून बरेचसे दोन्ही एकदमच खाली. शेवटी कुमुदला सुचलं, की साखर विरघळते, रवा विरघळत नाही. त्यांनी सगळं पाण्यात घातलं आणि फडक्यातून गाळलं. खाली गोड पाणी आलं. साखर परत हवी तर ते पाणी सगळं आटेपर्यंत उकळायला हवं. आणि फडक्यात उरलेला रवा तर पाणी पिऊन टम्म फुगला होता. तो आता कितीही वाळवला तरी पहिल्यासारखा होणार नव्हता.

खिडकीशी परत येऊन कुमुदने हे सांगितलं, तेव्हा तिच्या स्वरात तक्रार होती, जशी काही चूक सुपलीचीच.

सुपली म्हणाली, की हेच माझं रोजचं काम आहे. मिसळणं सोपं असतं, ते आपोआपही होतं. वेगळं करायला दोन गोष्टी लागतात. एक, दोन्हींत काहीतरी फरक हवा, ज्याला धरून ती वेगळी करता येतील. दुसरी, ऊर्जा. उकळण्याची, हलवण्याची, ओढण्याची. मिश्रण जितकं बारीक आणि घट्ट, तितकी ऊर्जा जास्त. फुकटात काही वेगळं होत नाही.

मग ती फरक कसे शोधते तेही तिने दाखवलं. तिची काळी काच म्हणजे अवरक्त किरणांचा (डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या पलीकडचे, आपल्याला न दिसणारे किरण) डोळा. प्रत्येक जातीचं प्लॅस्टिक या किरणांचा थोडा वेगळा भाग शोषून घेतं, त्यावरून ती त्याची जात ओळखते. जिथे डोळा चालत नाही तिथे पाणी. तिने पट्ट्यावरची एक बाटली कातरून तिचे तुकडे बादलीत टाकले, झाकणाचेही तुकडे टाकले. बाटलीचे तुकडे बुडाले, झाकणाचे तरंगले. दोन्ही प्लॅस्टिकच, पण घनता (तेवढ्याच जागेत किती वस्तुमान मावलं आहे, याचं माप) वेगळी. बाटलीचं प्लॅस्टिक पाण्यापेक्षा घन, झाकणाचं पाण्यापेक्षा विरळ. रेहानने झाकणाचा तुकडा बोटाने पुन्हा पुन्हा खाली दाबला आणि तो पुन्हा पुन्हा वर आला. त्याला ते फारच आवडलं.

“मग मोराला कातर आणि टाक बादलीत,” कुमुद म्हणाली.

सुपलीने मोर कातरला. बाटलीच्या तुकड्याला कागद चिकटलेला, कागदाला चमकी, चमकीवर गरम डिंकाचे थेंब. काही तुकडे बुडाले, काही तरंगले, काही मध्येच लोंबकळत राहिले. कागदाचा लगदा होऊन पाणी गढूळ झालं. सुपलीने सांगितलं, की असलं सगळं एकत्र वितळवलं तरी उपयोग नाही. वेगवेगळ्या जातींची प्लॅस्टिकं वितळल्यावर एकमेकांत मिसळत नाहीत, तेल आणि पाण्यासारखी वेगळी राहतात, आणि थंड झाली की त्या सांध्यांवरच मोडतात.

“तुमचा मोर कशाचा आहे, याची मला अडचण नाही,” ती म्हणाली. “तो कसा जोडला आहे, याची आहे.”

कुमुदने विचारलं, की मग ताडपत्रीखालच्या ढिगाचं करायचं तरी काय? सुपलीने सांगितलं, की नाकारलेला माल तापवून, दाबून त्याचे जाड ठोकळे करता येतात, बसायला वगैरे. पण ठोकळे हा त्या मालाचा शेवटचा मुक्काम. त्यातून पुन्हा काही होत नाही. म्हणून ठोकळ्यांचा साचा कुठल्याही वसाहतीला एकदाच मिळतो, आणि तोही नवा ढीग येणं थांबल्यावर. नळ उघडा ठेवून बादली उपसण्यात अर्थ नसतो.

म्हणजे सगळं फिरून महोत्सवावरच येत होतं.

पुढचे काही दिवस कुमुद आणि रेहानने ढीगच वेगळा करायचा चंग बांधला. टबात गरम पाणी, त्यात हत्ती. गरम डिंकाचे हत्ती मऊ झाले, वाकले, सोंडा लोंबल्या, पण सुटले नाहीत. तारेने बांधलेली झुंबरं चटकन सुटली. आणि तळाशी सापडलेल्या अगदी पहिल्या वर्षीच्या काही परड्या पाण्यात ठेवताच अलगद सुटून कागद एकीकडे, काड्या एकीकडे झाल्या. रेहानने वास घेऊन पाहिला. त्या कणकेच्या खळीने चिकटवलेल्या होत्या. त्या वर्षी दुकानातला डिंक संपला होता, असं त्याच्या अम्मीने नंतर सांगितलं. कुमुदने सुटलेला माल सुपलीकडे नेला आणि तिने तो मुकाट घेतला. पण ढिगात असं फार थोडं होतं. बाकी सगळं गरम डिंकाने जखडलेलं. कुमुदची बोटं सोलवटली, शर्टावरची चमकी जाईना, आणि मैदानावर ताडपत्री जशीच्या तशी. रेहान म्हणाला, की आपण कालव्यापलीकडे राहायला जाऊ. त्यावर ती त्याच्याशी संध्याकाळभर बोलली नाही.

तशातच पाडवा आला. सकाळी गुढी उभारली, दिवसभर ती गच्चीच्या कठड्याला मिरवली. सूर्य मावळायच्या सुमाराला आईने हळदकुंकू वाहिलं, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला आणि बाबांना गुढी उतरवायला सांगितलं. कुमुदचं काम खालून काठी धरायचं. ती कंटाळून धरून उभी होती आणि गाठी खायला आलेला रेहान तिच्या शेजारी. बाबांनी सुतळीची गाठ सोडली. तांब्या निघाला, तो आईने विसळून स्वयंपाकघरात ठेवला आणि ती लगेच त्यातूनच पाणी प्यायली. साखरेच्या गाठीचा एक बत्तासा रेहानला, एक कुमुदला. कडुनिंबाची डहाळी कुंडीतल्या खतात. खणाची रेशमी साडी झटकून, घडी घालून कपाटात. सुतळी गुंडाळून खिळ्याला. काठी माळ्यावर. चहाला उकळी यायच्या आत गुढी नव्हतीच, आणि तिच्यातली एकही गोष्ट वाया गेली नव्हती.

कुमुद बत्तासा तोंडात धरून तशीच उभी राहिली.

दर वर्षी ती हे बघत आली होती. वसाहतीतल्या घराघरात हे होतं. सबंध वर्षातली सगळ्यात मानाची वस्तू, सगळ्यांनी मिळून केलेली, सगळ्यांना दिसेल अशी उंच. आणि ती कुणी चिकटवत नाही. सगळे बांधतात, कारण संध्याकाळी ती सोडायची आहे, हे बांधतानाच सगळ्यांना माहीत असतं.

तिने रेहानला दंडाला धरून जवळजवळ ओढतच सुपलीकडे नेलं आणि विचारलं, की गुढी कुणी तुला दिली तर घेशील का? सुपली म्हणाली, की घेईन, पण द्यायचं कारण दिसत नाही. धातू, कापड, बांबू, पाला, साखर. जोड एकच, गाठीचा. विलगीकरणाला लागणारी ऊर्जा जवळपास काहीच नाही.

काकूंकडे जायला कुमुदला दुसऱ्या दिवसाचीही वाट बघवेना. काकू नुकत्याच स्वतःची गुढी उतरवून दाराशी आल्या होत्या, हातात तांब्या. कुमुदने दारातच सगळं सांगून टाकलं. महोत्सव होऊ दे. पण काहीही चिकटवायचं नाही. बांधा, ओवा, शिवा, खाचेत अडकवा. दुकानातून आणलेलं चालणार नाही, घरातलं वापरातलंही चालेल. आणि बक्षीस केल्याबद्दल नाही. सगळ्यांसमोर करायचं, सगळ्यांनी बघायचं, आणि मग सगळ्यांसमोर सोडायचं. ज्याचा प्रत्येक तुकडा आपल्या जागी परत जाईल, तो जिंकला.

काकूंचा चेहरा पडला.

“अगं, मुलांनी केलेलं मुलांच्याच हाताने मोडायला लावायचं? रडतील ती.”

“तुम्ही आत्ता गुढी उतरवताना रडलात का, काकू?”

काकू हातातल्या तांब्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या मागून त्यांची लहान नात शर्वाणी गाठी चोखत बाहेर आली आणि कुमुदकडे टकमक बघू लागली. काकूंनी तांब्या कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, की यंदा करून बघू. पण एकही मूल रडलं तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा जुना नियम. कुमुदने हो म्हटलं, आणि घरी येताना तिला वाटलं, की आपण भलतंच कबूल केलं. तिच्या वसाहतीतली मुलं कशावरही रडायची.

एक मेला उरलेल्या अर्ध्या मैदानावर सतरंज्या पडल्या. सुपलीला चाकांवर आणून कडेला उभं केलं. कुणी छत्र्या आणि पंचे बांधून देवमासा केला. रेहानने पायपुसणी, सायकलीची ट्यूब आणि काठ्या अडकवून धनुष्य केलं आणि ते चालतही होतं. एका घराने तर स्वयंपाकघरातली सगळी भांडी दोरीला ओवून त्यांचं वाद्य केलं, आणि ते वाजवल्यावर दुपारची झोप मोडलेले आजोबा लोक गॅलरीत येऊन ओरडायला लागले. मुलं हसत होती. तरी एका मुलाने गुपचूप डिंकाची बंदूक आणलीच होती. कुमुदने ती काढून घेतली आणि त्याला इतकं झापलं, की सुपलीनेही काच तिच्याकडे वळवली.

मग शिट्टी झाली आणि सोडायला सुरुवात. गाठी सुटू लागल्या, पंचे झटकले गेले, छत्र्या मिटल्या, दोऱ्या गुंडाळल्या गेल्या. बघता बघता त्याची शर्यतच झाली आणि बघणारे करताना ओरडले नव्हते तितके सोडताना ओरडू लागले. काकूही उभ्या राहून ओरडत होत्या.

फक्त शर्वाणी हलली नाही. तिने मोज्यांत जुने कपडे भरून, सुताने शिवून एक सिंह केला होता. तो तिने पोटाशी धरला, तिचा खालचा ओठ थरथरला, आणि ती भोकाड पसरून रडायला लागली. सगळ्यांचे हात थांबले. काकूंनी कुमुदकडे बघितलं. कुमुदला वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी पुन्हा डिंक, म्हणजे साचा नाही आणि मैदानही नाही. एका मोज्याच्या सिंहापायी शिबिर गेलं. तिला इतका संताप आला, की तिने आधी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मग ती शर्वाणीपुढे गुडघ्यांवर बसली.

“तुला हा टाकायचाय का?”

शर्वाणीने जोरजोरात मान हलवली. नाही.

“मग नको सोडू. घरी ने.” कुमुद सुपलीकडे वळली. “चालेल ना?”

“ज्याला कुणी टाकत नाही, तो कचरा नाही,” सुपली म्हणाली. “माझा त्याच्याशी संबंध येत नाही. पुढे कधी सोडावासा वाटला, तर शिवण उसवून घेऊन या.”

शर्वाणीने नाक पुसलं आणि सिंह घेऊन आजीच्या मांडीवर जाऊन बसली. काकूंनी तिला थोपटलं, सिंहाच्या पाठीवरचा टाका बोटाने चाचपून पाहिला, आणि जरा वेळाने म्हणाल्या, की हे रडणं मी धरत नाही. ताडपत्रीकडे बघत त्या हळूच पुटपुटल्या, की इतकी वर्षं मीच सगळ्यांचं सांभाळत बसले. ज्याला हवं होतं त्याने घरी नेलं असतं.

संध्याकाळी सुपलीने मैदानाची पाहणी केली. सतरंज्यांवर एकही नाकारायची वस्तू नव्हती. नवा ढीग आला नाही, अशी नोंद गेली, आणि त्या आठवड्यात ठोकळ्यांचा साचा वसाहतीत आला. हत्ती, मोर, झुंबरं आणि पेनचे सगळे डबे त्यात गेले आणि राखाडी, ठिपकेदार, चमकी मिरवणारे ठोकळे होऊन बाहेर पडले. ते मैदानाच्या कडेने मांडले, बघणाऱ्यांना बसायला. काकूंनी कुमुदचा पेंग्विन मात्र स्वतःच्या हाताने तिच्या घरी आणून दिला. कुमुदने तो नको असूनही घेतला.

प्रशिक्षक यायच्या आदल्या दिवशी कुमुद फक्कीने मैदानाच्या रेघा मारत होती. सुपली कडेला उभी होती, साचा परत पाठवायचा म्हणून. कुमुदला अलीकडे एक खोड लागली होती. दिसेल त्या वस्तूकडे बघून ती मनात म्हणे, हे सोडवता येईल का? चपलेचा अंगठा, दप्तराची चेन, बाबांचा चष्मा. बहुतेक वस्तूंचं उत्तर नाही असंच येई आणि तिचं डोकं दुखे. तिने रेघ मारता मारता सुपलीकडे पाहिलं.

“तू कशी जोडलेली आहेस गं?”

“हात स्क्रूने,” सुपली म्हणाली. “पट्टा खाचेत बसवलेला. डोळा चिकटवलेला. तो बिघडला, की मला पूर्णच बदलावं लागेल.”

कुमुद फक्कीचा डबा धरून तशीच थांबली. कचरा निवडणाऱ्या यंत्राचाच डोळा चिकटवलेला. तिला हसावं की ओरडावं ते कळेना.

“असं कुणी केलं?”

“घाईत असलेल्या माणसांनी.”

पाट्याच्या पलीकडून रेहान हाका मारत होता, सगळे येऊन बसले होते. कुमुदने डबा खाली ठेवला आणि सुपलीच्या काळ्या काचेभोवती बोट फिरवून तो सांधा नीट बघितला. इथे चार बारीक स्क्रू सहज मावले असते, आणि पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून खाली रबराची एक कडी. तिने काचेच्या कडेला अंगठ्याने फक्कीच्या चार खुणा केल्या, जिथे ते स्क्रू बसतील तिथे.

“पुसू नकोस,” तिने सुपलीला बजावलं, आणि ती मैदानात पळाली.